दहा नंबरचा पाना

हल्याळच्या रानातून गोव्यात उतरलो तेव्हा
पिशवीत आयटीआयचा दाखला होता,
डिझेल मेकॅनिक, बासष्ट टक्के,
आणि आईनं दिलेला मध, बाटलीचं बूच मेणानं लिंपलेलं.
मध तिसऱ्या दिवशी संपला.
दाखला अजून आहे.

कळंगुटच्या हॉटेलात साहेबानं तो उघडलाही नाही.
माझे दंड पाहिले. म्हणाला, दारावर उभा राहा.
शेजारच्यानं विचारलं, नाचतोस का?
शनिवारी आफ्रिकन नाइट,
कमरेला पानं, तोंडावर चुना, रात्रीचे आठशे.
मी म्हटलं, आमचा दमाम घरच्या माणसांत वाजतो.
तो म्हणाला, तेच तर. तेच इथं वाजव.

वास्कोत खोली बघायला गेलो.
बाई जाळीमागूनच बोलली, नायजेरियनांक दिना.
बाये, हांव हल्याळचो, मी म्हटलं, नाताल सिद्दी.
क्षणभर गप्प. मग कौतुकानं,
भास बरी शिकला रे तू.

शिकलो नाही, बाई.
रडलो तेव्हापासून तिच्यातच रडलो.

आजोबांच्या आजोबाला कुणी आणलं,
कुठल्या गलबतातून, कितीला,
आमच्या घरात कुणाला ठाऊक नाही.
कदाचित याच झुआरीच्या मुखातून.
मी रासईच्या धक्क्यावर दोन वर्षं
बार्जांच्या पोटात शिरून गंज खरवडला.
गंज लाल असतो. सगळ्यांच्या अंगावर सारखाच बसतो.

लोटलीच्या बेकरीत रोझिता होती.
आठ महिने फिरलो आम्ही, कायम दिवेलागणीनंतर.
एकदा म्हणाली, काळोखात तू दिसतच नाहीस, बरं आहे.
हसली. मीही हसलो.
ते हसू खाली उतरवायला
घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यावं लागलं.

मग फेरीबोटीवर इंजिनाला माणूस हवा होता.
तोंडी परीक्षेला तीन साहेब.
पहिल्यानं मूळ गाव विचारलं.
दुसऱ्यानं विचारलं, नाही, त्याच्या आधीचं मूळ.
तिसरा म्हातारा, कानात यंत्र घातलेला,
म्हणाला, अरे, मशीन चालू करा.
आणि स्वतःच तळवा ठेवून उभा राहिला तिच्या अंगावर,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
मी डोळे मिटले.
चौथा इंजेक्टर, साहेब. फवारत नाही, थुंकतोय.
म्हाताऱ्यानं मान हलवली, मला वाटतं माझ्यासाठी.

नेमणूक कंत्राटी, अकरा महिन्यांची.
आईला फोनवर अकरा सांगितलं नाही.

आता रासई ते दुर्भाट, दुर्भाट ते रासई,
मी डेकच्या खाली.
इथं तेलानं सगळेच काळे; अविनाश फडते, मी,
आणि तो बारदेशचा गोरापान शिकाऊ.
वर गाव ये-जा करतं आणि मला त्याचे फक्त आवाज येतात.
मासळीवाल्यांच्या पाट्या. शाळेची पोरं. म्हातारीची काठी.
आणि सात चाळीसला एक स्कूटर,
टॅपेट ढिले झालेली, टक टक टक टक,
जशी कुणी दाराबाहेर थांबून, आत यावं का, विचारतेय.

तिचं नाव इर्विना. फर्मागुडीला लॅबमध्ये काम करते.
एवढं कळलं ते एकदा पाणी प्यायला वर आलो म्हणून.
सुटे आहेत का, तिनं इंग्रजीत विचारलं.
सुटे नात, म्हटलं.
तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि कुठून आलास हे न विचारता
कोंकणीतच म्हणाली,
तुमची बोट फार हलते हां.

बोट हलत नाही. भरती होती.
हे मला रात्री सुचलं.

आठ दिवस खिशात दहा नंबरचा पाना घेऊन फिरतोय.
पंधरा मिनिटांचं काम, टॅपेट आवळायचं.
पण आवळलं की आवाज जाईल,
मग खालून मला कळायचं कसं
की सात चाळीस झाले,
की ती आली.

आज वारा आहे. फडते म्हणतो, जा वर, मी बघतो.
पाना गरम झालाय खिशात.
शिडीला सहा पायऱ्या. चौथी सैल आहे, तीही आवळायची राहिलीय.